सध्या राहणार पुणे

शिवाजीनगर कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
तीस वर्षं मी जर्मनचं मराठी करते.
जन्माचे दाखले, मृत्युपत्रं,
चाकणच्या कारखान्यांचे गिअरबॉक्स.

मंगळवारी उल्रिके दाबके आली
स्टुटगार्टचा हुकूमनामा घेऊन.
सात पानं. एकही कोपरा दुमडलेला नाही.
तिकडचे कागद असेच येतात,
जसा काही कुणाचा हात लागलाच नाही.

मकरंद दाबके, जन्मस्थळ पुणे,
मोकळा झाला तिच्या देशात, तिच्या भाषेत.
नोटीस धनकवडीला पोचली
तेव्हा हजर राहायची तारीख उलटून अकरा दिवस झाले होते,
आणि त्या सकाळी ती
सासूबाईंना मोतीबिंदूच्या तपासणीला घेऊन गेली होती.

आता परदेशी नोंदणीच्या खिडकीवर
एक रकाना तिला अडवून बसलाय:
वास्तव्याचा आधार.
चौदा वर्षं तिथे 'विवाह' लिहिलेलं चाललं.
वकील म्हणतात, तिकडचा हुकूम इथे मानलाच जाईल असं नाही,
लग्न अजून उभं आहे, असं भांडता येईल.
खिडकीतला म्हणतो, भांडा की,
पण कार्डाची मुदत काही तुमच्या भांडणासाठी थांबायची नाही.

म्हणजे तिकडे घटस्फोटित,
इथे बहुधा सौभाग्यवती.

पहिल्याच ओळीत माझं पेन अडलं.
घट फुटला तर आवाज होतो,
खापऱ्या पडतात, कुणीतरी केरसुणी शोधतं.
इथे धनकवडीत काही ऐकूच आलं नाही.
काडीमोड म्हणावं, तर काडी मोडायला दोघं समोरासमोर लागतात.
आणि सोडचिठ्ठी?
चिठ्ठी सात पानांची नसते.
शेवटी 'घटस्फोट'च लिहिला. कोर्टाला तोच कळतो.

उल्रिकेचं मराठी भाजीवालीकडून आलेलं,
फक्त लिंगं अजून घसरतात.
तिच्या भाषेत सूर्य ती आहे, दार ती आहे,
शब्द म्हणाल तर ते.
घर मात्र तिनं कधी चुकवलं नाही.
घर दोन्हीकडे ते.

मजकूर वाचताना तिनं एका ठिकाणी बोट ठेवलं.
प्रतिवादी, सध्या राहणार पुणे.
"हे शब्द काढता येईल का? हे 'सध्या'?"

मुळात आहे, मी म्हटलं.
मुळात आहे ते ठेवावं लागतं,
माझ्या शिक्क्यावर तेवढंच लिहिलंय.
हे बोलताना मी शिक्क्याकडेच बघत होते.

दाबकेकाकू इतका वेळ पंख्याखाली,
काळा चष्मा लावून, पिशवी मांडीवर.
"काय लिहिलंय?"
वाचून दाखवलं.
"मग बरोबरच आहे की. सध्या तर मीही आहे."

मग पिशवीतून गॅसचं पुस्तक निघालं,
मागच्याच महिन्यात सुनेच्या नावावर केलेलं.
हे जोडता येईल?
त्या रकान्यात 'सासू' लिहिलं तर?
तसा रकाना नसतो, काकू.
"नसतो, का कुणी मागितला नाही?"

मला जर्मनमध्येही उत्तर आलं नाही.

पानाला तीनशे, सातांचे एकवीसशे.
काकूंनी चाचपून मोजले, एक नोट जास्त आली,
ती मी परत केली.
शिक्का पहिल्यांदा पुसट उठला, पुन्हा मारला,
आता 'बरहुकूम' दोनदा दिसतं, एकावर एक, जरासं हललेलं.

त्या गेल्या. खालून झेरॉक्सची घरघर,
आणि तिच्यातून वर येणारा उल्रिकेचा आवाज:
"सावकाश, आई. अजून दोन.
हां. जिना संपली."

काकूंनी दुरुस्त केलं नाही.
मीही नाही.